पुसलेली पाटी पुन्हा वाचता येते का?

"सर, शाळेतली सगळी पोरं गेली!"

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली दुपार. सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतून साताऱ्याच्या आमच्या मित्राला हा फोन आला. पोरं अर्थातच वर्गातच बसली होती. गेली होती ती त्यांची माहिती. शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावर 'विद्यार्थी' नावाचा एक तक्ता होता. प्रत्येक मुलाचा रजिस्टर नंबर, नाव, जन्मतारीख, पत्ता, पालकांचा फोन, शिष्यवृत्ती जमा होते त्या बँकखात्याचा क्रमांक, असे सारे त्यात होते. 'विद्यार्थी_जुने' हा नको असलेला तक्ता काढून टाकताना लिपिकांच्या हातून शेवटचा शब्द टंकायचा राहिला, आणि एंटरची कळ दाबली गेली. क्षणभरही न लागता चांगला तक्ता नाहीसा झाला.

आम्ही काही शिक्षक, निम्मे साताऱ्याचे आणि निम्मे सांगलीचे, विज्ञान मेळाव्यांच्या निमित्ताने एकमेकांना धरून आहोत. त्यामुळे हा निस्तरण्याचा उद्योग आमच्याकडे आला. तो करताना आम्हाला जे समजले, ते इथे सांगत आहोत. आज प्रत्येक शाळेत असा एखादा संगणक आहे, आणि असा फोन कोणालाही करावा लागू शकतो, हे एक कारण. दुसरे कारण असे, की या प्रश्नाच्या पोटात एक फार सुंदर कल्पना दडलेली आहे, आणि ती आपल्या तलाठ्यांना व दुकानातल्या दिवाणजींना संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

पुसणे म्हणजे काय?

पाटीवरचे अक्षर ओल्या फडक्याने पुसले की ते खरोखरच जाते. संगणकात मात्र 'पुसा' म्हटल्यावर तसे होत नाही. असे का, ते पाहू.

मोठ्या ग्रंथालयाची कल्पना करा. पुस्तके कपाटांत आहेत, आणि कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे सांगणारी कार्डे दाराजवळच्या खणांत आहेत. आता एखाद्याने एक कार्ड फाडून टाकले. पुस्तक गेले का? नाही, ते जागेवरच आहे. पण ते कुठे आहे हे सांगणारे कोणी उरले नाही. शिवाय त्या कपाटातली जागा 'रिकामी' अशी नोंदली गेली, तर उद्या तिथे नवे पुस्तक ठेवायला ग्रंथपाल जुने उचलून बाहेर काढील. तेव्हा मात्र ते खरेच गेले.

डेटाबेसमध्येही जवळपास असेच घडते. तक्त्यातल्या ओळी डिस्कवर ठरावीक आकाराच्या 'पानां'वर लिहिलेल्या असतात. मायएस्क्यूएल या प्रचलित डेटाबेसमध्ये असे एक पान साधारणपणे 16 किलोबाइटचे असते, तर पोस्टग्रेसमध्ये 8 किलोबाइटचे. कोणत्या तक्त्याची पाने कुठे आहेत याची एक वेगळी सूची असते. एखादी ओळ काढून टाकायची 'डिलीट' ही आज्ञा दिली, तर ओळ लगेच खोडली जात नाही. 'ही गेली असे समजा' अशी खूण तिच्यावर केली जाते आणि तिची जागा सवडीने मोकळी केली जाते. संपूर्ण तक्ता काढणारी आज्ञा म्हणजे 'ड्रॉप'. तिच्यामुळे सूचीतले नाव जाते आणि तक्त्याची फाइलही जाते. तरी त्या फाइलमधले आकडे आणि अक्षरे डिस्कच्या चुंबकीय पृष्ठावर काही काळ तशीच पडून असतात, त्यांच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत.

म्हणूनच अशा प्रसंगी पहिला उपाय म्हणजे हात काढून घेणे. आमच्या मित्राने फोनवर सांगितलेले पहिले वाक्य असे होते: "आता कोणीही त्या संगणकावर काही करू नका. प्रोग्रॅम पुन्हा टाकू नका, कुठली फाइल उतरवून घेऊ नका, छपाईसुद्धा नको." घाबरून केलेला प्रत्येक प्रयत्न डिस्कवर काहीतरी लिहीत असतो, आणि ते नेमके मोकळ्या झालेल्या जागेवरच लिहिले जाऊ शकते. घर शोधायला आलेल्या माणसाने घराच्याच जागी पाया खणायला घ्यावा, तशी ही गत.

नव्या संगणकांत आणखी एक अडचण असते. त्यांत फिरणाऱ्या तबकडीऐवजी एसएसडी नावाची चिपांची डिस्क असते. फाइल काढली की संगणक त्या डिस्कला कळवतो, 'ही जागा आता लागणार नाही'. मग ती डिस्क आपल्या सोयीने तो भाग आतून साफ करून ठेवते. अशा डिस्कवर ग्रंथालयाचे उदाहरण फार वेळ लागू पडत नाही. कार्ड फाडल्याबरोबर पुस्तक रद्दीत घालणारा हा ग्रंथपाल! आमच्या शाळेतला संगणक याच जातीचा होता. म्हणजे डिस्क खरवडून जुनी पाने शोधण्याचा मार्ग जवळजवळ बंद होता.

मग दुसरा मार्ग कोणता?

तांदळाचा हिशोब

हा मार्ग समजण्यासाठी शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊ. पोषण आहाराच्या तांदळाचा साठा फळ्यावर लिहिला जातो असे समजा. फळ्यावर एकच आकडा असतो, तो म्हणजे आज शिल्लक किती. तांदूळ वापरला की जुना आकडा पुसून नवा लिहायचा. शिवाय एका वहीत रोजची घडामोड उतरवायची:

सोमवारी सकाळी शिल्लक 120 किलो. सोमवारी वापर 14. मंगळवारी वापर 13. बुधवारी नवे पोते आले, जमा 50. गुरुवारी वापर 15.

गुरुवारी संध्याकाळी फळ्यावर 128 हा आकडा आहे. शुक्रवारी सकाळी कोणीतरी फळा स्वच्छ पुसला. आता शिल्लक कशी काढाल? पाचवीतला मुलगाही सांगेल. सोमवारचे 120 घ्या, त्यातून 14 गेले, 106 राहिले. 13 गेले, 93 राहिले. 50 आले, 143 झाले. 15 गेले, 128 राहिले. फळ्यावरचा आकडा परत आला!

तो परत आणायला दोन गोष्टी लागल्या. एक म्हणजे आधीच्या कुठल्यातरी दिवसाची पक्की शिल्लक. दुसरी म्हणजे त्या दिवसापासून पुढची प्रत्येक घडामोड, क्रमाने. व्यापाऱ्यांच्या भाषेत फळा ही खतावणी आणि वही ही रोजकीर्द. खतावणी हरवली तर रोजकिर्दीवरून पुन्हा मांडता येते. रोजकीर्द हरवली तर मात्र नुसत्या खतावणीवरून ती पुन्हा उभी करणे कठीण. 128 या आकड्याकडे पाहून बुधवारी पोते आले होते हे कोण सांगणार?

डेटाबेस चालवणाऱ्यांनी हीच युक्ती उचलली. तक्त्यात बदल करताना डेटाबेस त्या बदलाची नोंद एका वेगळ्या फाइलमध्ये, एकाखाली एक, लिहीत जातो. या फाइलला 'लॉग' म्हणतात. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये तर नियमच असा, की बदलाची नोंद आधी रोजकिर्दीत पक्की झाली पाहिजे, तक्त्याचे पान मागाहून डिस्कवर गेले तरी चालेल. मधेच वीज गेली तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर रोजकीर्द वाचून अर्धवट राहिलेली पाने पुरी केली जातात. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे पाहता या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको.

चूक झाली असली, तरी हीच वही उपयोगी पडते. समजा शुक्रवारी कोणी चुकून 'वापर 100' असे लिहिले आणि त्याप्रमाणे फळाही बदलला. मग सोमवारपासून पुन्हा मांडत यायचे आणि त्या चुकीच्या ओळीच्या अगदी आधी थांबायचे. 'तक्ता काढून टाका' ही आज्ञाही रोजकिर्दीतली एक ओळच असते. जुन्या प्रतीपासून सुरुवात करून त्या ओळीच्या आदल्या ओळीपर्यंत यायचे, की तक्ता चुकीच्या एक क्षण आधी होता तसा उभा राहतो.

क्रमाबद्दल एक सांगायला हवे. नुसती बेरीज-वजाबाकी असेल तर ओळी मागेपुढे झाल्या तरी उत्तर तेच येते. पण समजा साठा 100 किलो आहे, 50 किलो जमा झाले, आणि पुरात सापडलेल्या शेजारच्या शाळेला 'असलेल्यातला निम्मा' तांदूळ दिला. आधी जमा, मग निम्मा दिला, तर उरतात 75. आधी निम्मा दिला, मग जमा, तर उरतात 100. दोन ओळी उलटसुलट झाल्या आणि 25 किलोंचा फरक पडला. म्हणून रोजकीर्द क्रमानेच वाचली पाहिजे, आणि मधली एकही ओळ गाळता कामा नये.

तलाठ्यांची वही

ही पद्धत आपल्या गावातही आहे. सातबारा उतारा सर्वांनी पाहिलेला असतो. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असते, बारामध्ये पिकांची नोंद असते. पण मालक बदलला, वारस लागले, वाटणी झाली, तर ते थेट सातबाऱ्यावर लिहिले जात नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक टाकून नोंद होते. ती प्रमाणित झाली की तिच्या आधारे सातबारा बदलतो, आणि त्या फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर येतो. फेरफार नोंदवही म्हणजे रोजकीर्द, सातबारा म्हणजे खतावणी!

आणखी गंमत पाहा. सातबाऱ्यावरून एखाद्याचे नाव कमी झाले तर ते खोडरबराने पुसत नाहीत. त्याला कंस करतात. नाव दिसत राहते, पण ते आता लागू नाही हे कंसावरून कळते. डेटाबेस 'डिलीट' करताना ओळीवर जी खूण करतो, ती म्हणजे हाच कंस. फरक इतकाच, की कंस केलेले नाव कायम राहते, आणि डेटाबेस मात्र जागा हवी असली की कंसातले नाव काढून टाकतो.

कागदाच्या एका ओळीवर किती अवलंबून असते हे आपल्या भागाने फार पूर्वी अनुभवले आहे. इंग्रज सरकारने 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले, तेव्हा इनामदारांना आपल्या हक्काचे कागद दाखवावे लागले. ज्यांना ते दाखवता आले नाहीत, त्यांपैकी अनेकांची इनामे गेली. अलीकडे, 2023 साली, कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम राज्यभर निघाली. तेव्हा जुनी दप्तरे उघडली गेली, त्यांत शाळांची जनरल रजिस्टरेही होती. कोणा अनाम शिक्षकाने पिढ्यांपूर्वी लिहिलेली एक ओळ आज नातवंडांच्या कामी येते. आपण आज संगणकात टंकतो ती ओळ इतकी वर्षे टिकेल का?

शाळेत पुढे काय झाले?

आता आमच्या गोष्टीकडे वळू. सुदैवाने शाळेत दोन गोष्टी होत्या. एका पेनड्राइव्हवर 18 जूनची राखीव प्रत सापडली. आणि डेटाबेस मायएस्क्यूएलच्या आठव्या आवृत्तीचा होता. या आवृत्तीत रोजकीर्द कोणी न सांगताच चालू असते. आम्हाला हायसे वाटले. 18 जूनची प्रत उभी करायची, त्यावर रोजकीर्द चढवायची, ड्रॉपच्या ओळीआधी थांबायचे, झाले!

पण रोजकिर्दीच्या फाइली उघडून पाहिल्या तर सगळ्यात जुनी फाइल जुलैच्या पहिल्या आठवड्यातली निघाली. कारण सरळ होते. डिस्क भरून जाऊ नये म्हणून डेटाबेस तीस दिवसांहून जुन्या फाइली आपणहून काढून टाकतो. तशी सोय कोणी बदलली नव्हती, कारण ती आहे हेच कोणाला माहीत नव्हते. म्हणजे 18 जून ते जुलैचा पहिला आठवडा या काळाची ना प्रत, ना रोजकीर्द. आणि जून म्हणजे तर प्रवेशाचा हंगाम!

ही फट बुजवल्याशिवाय पुढची रोजकीर्द चढवता येत नव्हती. जुलैमधली एखादी ओळ म्हणते, 'अमुक नंबरच्या मुलाची तुकडी बदला'. पण तो मुलगा जूनच्या शेवटी दाखल झाला असेल तर तक्त्यात तो नाहीच! मग संगणक अडून बसतो.

इथे मदतीला आले कागदाचे जनरल रजिस्टर. प्रवेश झाला की आधी रजिस्टरमध्ये हाताने नोंद करायची, हा शिरस्ता त्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी संगणक आल्यावरही मोडला नव्हता. "दोनदा काम कशाला?" अशी कुरकूर त्यांनी वर्षानुवर्षे ऐकून घेतली होती. आता तिघा शिक्षकांनी रविवारी बसून त्या फटीतले साठ-सत्तर प्रवेश रजिस्टरवरून, त्याच नंबरांनी, तक्त्यात भरले. मग रोजकीर्द चढवली, आणि ती अडखळली नाही. संध्याकाळी तक्त्यातल्या मुलांची संख्या हजेरीपटांच्या बेरजेशी तंतोतंत जुळली. सगळ्यांनी चहा मागवला.

पण सगळे जुळले का?

आमच्यातल्या एका गणिताच्या बाईंनी चहा पिता पिता शंका काढली. "मुलं जुळली हो. पण मुलांची माहिती जुळली का?"

तांदळाच्या उदाहरणाकडे परत जा. समजा वहीतली मंगळवारची ओळ गहाळ झाली. मग आपली बेरीज 128 ऐवजी 141 येईल. 141 या आकड्यात चूक दिसते का? मुळीच नाही. तोही तितकाच ठाम आणि तितकाच नीटनेटका असतो. एखादी ओळ तक्त्यात नसेल तर ती नसल्याचे कळते. पण ओळ आहे आणि तिच्यात जुनी माहिती आहे, हे बघून कळत नाही.

त्या फटीच्या अडीच आठवड्यांत नुसते प्रवेश झाले नव्हते. जुन्या मुलांची माहितीही बदलली होती. कोणाचा फोन बदलला, कोणाच्या नावातली चूक दुरुस्त झाली. हे बदल कागदी रजिस्टरमध्ये नव्हते, ते फक्त संगणकात झाले होते. त्यांपैकी काही रोजकिर्दीने वाचवले. मायएस्क्यूएलची रोजकीर्द ओळ बदलली की सहसा संपूर्ण ओळच लिहून ठेवते. त्यामुळे ज्या मुलाच्या ओळीत नंतर जुलैमध्ये काहीही बदल झाला, त्याची सगळी माहिती ताजी झाली. उरलेल्यांची मात्र 18 जूनचीच राहिली, आणि ते उरलेले कोण, हे सांगायला काहीच साधन नव्हते.

तेव्हा एक जुनाच उपाय करायचे ठरले. 2017 साली सातबारे संगणकावर चढवताना राहिलेल्या चुका शोधण्यासाठी गावोगाव चावडी वाचन झाले होते. उतारे लोकांसमोर वाचून दाखवायचे, ज्याचे त्याने आपले बरोबर आहे का ते सांगायचे. आम्ही शाळेत तसेच केले. मात्र खातेक्रमांक चारचौघांत वाचायची गोष्ट नव्हे. म्हणून प्रत्येक मुलाच्या माहितीची चिठ्ठी छापून बंद पाकिटात घरी दिली. पालकांनी तपासून सही करून परत पाठवायची.

चौथ्या दिवशी आठवीतल्या एका मुलीने पाकीट आणून दिले. खातेक्रमांकावर फुली मारून खाली नवा आकडा लिहिला होता. तिचे जुने खाते बंद झाले होते. नवे खाते उघडण्यासाठी तिच्या आईने शेतातली मजुरी बुडवून बँकेत तीन हेलपाटे घातले होते, आणि जूनअखेरीस तो नवा आकडा शाळेत आणून दिला होता. आमच्या 'तंतोतंत जुळलेल्या' तक्त्यात बंद खात्याचाच क्रमांक होता. चहा पिऊन आम्ही घरी गेलो असतो तर तिची शिष्यवृत्ती अडकली असती, आणि का अडकली हे कोणालाच उमगले नसते. अशा एकूण अकरा चिठ्ठ्या दुरुस्त होऊन आल्या.

मोठ्यांच्याही चुका

हे फक्त खेड्यातल्या शाळेत घडते असे समजू नका. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत एका थकलेल्या अभियंत्याने रात्री उशिरा दुय्यम संगणकाऐवजी मुख्य संगणकावरची डेटाबेसची फाइल-पेटी पुसायला घेतली. एकदोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले. तोवर सुमारे 300 गिगाबाइटपैकी 4.5 उरले होते. त्यांच्याकडे राखीव प्रतींच्या एकाहून अधिक व्यवस्था होत्या. पण ऐन वेळी पाहिले तर रोजच्या प्रतींची जागा रिकामी! प्रत काढणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्यामुळे रोज निमूटपणे अपयशी ठरत होता, आणि तसे कळवणारे ईमेल कोणापर्यंत पोहोचत नव्हते. कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीने त्यांना तारले. त्या सहा तासांतली माहिती मात्र गेली.

कंपनीने हे सारे लपवले नाही. दुरुस्तीचे काम लोकांना थेट पाहू दिले आणि नंतर सविस्तर अहवाल लिहिला. त्या अभियंत्यावर खापर फोडले नाही. आम्हाला हा भाग फार मोलाचा वाटला. आमच्या शाळेतल्या लिपिकांनी चूक झाल्याबरोबर तासाभरात फोन केला, म्हणूनच पुढचे सारे शक्य झाले. रागावले जाण्याच्या भीतीने त्यांनी दोन दिवस स्वतःच खटपट केली असती, तर कदाचित काहीच हाती लागले नसते.

प्रत कुठे ठेवावी?

राखीव प्रत त्याच कपाटात ठेवली तर काय होते हे सांगलीकरांना शिकवायला नको. 2005 साली आणि पुन्हा ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्याही वर गेले होते. अशा पुरात खालच्या मजल्यावरचे संगणक आणि त्यांच्या शेजारच्या खणातले पेनड्राइव्ह एकदमच भिजतात. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हाही जळालेल्या फायलींसाठी इतर कार्यालयांतल्या प्रतींचा आधार घ्यावा लागला.

सातारा डोंगराच्या कुशीत, उंचावर आहे. सांगलीसारखे पुराचे पाणी तिथे येणार नाही. पण 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप याच जिल्ह्यातला. दोन्ही ठिकाणी धोका आहे, पण तो वेगवेगळा आहे, आणि दोन्हीकडे एकाच दिवशी संकट येण्याची शक्यता फार कमी. म्हणून आम्ही एक साधा करार केला आहे. त्या शाळेची प्रत दर महिन्याला साताऱ्याच्या एका शाळेत जाते आणि साताऱ्याची सांगलीला येते. प्रत सांकेतिक लिपीत कुलूपबंद असते. ती सांभाळणाऱ्यालाही वाचता येत नाही, कारण मुलांची माहिती ही आपल्याकडची ठेव आहे.

मिरजेच्या शाळेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याचे कागद 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापले. साताऱ्याला दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी कागदांचा मोठा संग्रह केला, तो पुढे 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद जपायचा तर त्याच्या प्रती व्हाव्यात आणि त्या एका जागी राहू नयेत, हे आपल्याकडच्या जाणत्यांना ठाऊक होते.

करून पाहा

शेवटी वर्गात करण्याजोगा एक खेळ. चार मुलांचे गट करा. एकाकडे पाटी द्या, त्यावर पाच जणांच्या 'खात्यातल्या' चिंचोक्यांचे आकडे. दुसऱ्याकडे रोजकिर्दीची वही. तिसऱ्याने दर दहा व्यवहारांनंतर पाटीची नक्कल करून ती वर्गाबाहेर नेऊन ठेवायची. बाकी वर्गाने देवघेव सुरू ठेवायची. चौथ्याने मनात येईल तेव्हा पाटी पुसून टाकायची. गटाने ती पुन्हा मांडायची. नंतरच्या डावात चौथ्याने वहीतली एक ओळ कोणाला न सांगता झाकावी. मांडलेल्या पाटीत चूक कुठे आहे, हे केवळ पाटीकडे पाहून ओळखता येते का? चिंचोके प्रत्यक्ष मोजल्याशिवाय?

तुमच्या शाळेपुरते चार प्रश्नही विचारून पाहा. शेवटची राखीव प्रत कोणत्या तारखेची आहे? ती कुठे आहे? रोजकीर्द किती दिवस मागची ठेवली जाते? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: त्या प्रतीवरून तक्ता परत उभा राहतो का, हे कोणी, कधी, स्वतः करून पाहिले आहे? चौथ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या तिन्हींची उत्तरे कितीही चांगली असली तरी त्यांवर विसंबू नका. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर दुसऱ्या एखाद्या रिकाम्या संगणकावर ती प्रत उघडून पाहा. तासाभराचे काम आहे.

त्या शाळेत आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते केले जाते. करतात ते लिपिकच. आणि जनरल रजिस्टर अजूनही आधी हातानेच लिहिले जाते.